माडाला कलम का होत नाही?

कोकणात ‘कलम’ म्हणजे झाडावर करायची क्रिया, आणि कलम म्हणजे झाडसुद्धा. ‘आमची साठ कलमं आहेत’ असं बागायतदार सांगतो तेव्हा तो हापूसच्या उभ्या झाडांबद्दल बोलत असतो. ज्याचं कलम नाही तो आंबा रायवळ. त्याच बागायतदाराच्या वाडीत विहिरीच्या कडेनं माडांची रांग असते, आणि त्यांतला एखादा माड घरात सगळ्यांना ठाऊक असतो. जाड खोबऱ्याचा, वर्षाचे बारा महिने लगडलेला. हा माड म्हातारा झाला की पुढं काय? आंब्याचं उत्तर सोपं आहे. काडी घ्यायची, खुंटावर बसवायची. झाड मरतं, हापूस मरत नाही. माडाच्या बाबतीत मात्र त्याचा नारळ रुजत घालायचा आणि येणारं रोप आईवर जाईल अशी आशा धरायची, एवढंच हातात उरतं.

दोन्ही झाडं एकाच मातीत उभी, एकाच विहिरीचं पाणी पितात. मग एकाला जे जमतं ते दुसऱ्याला का जमू नये? उत्तर खोडाच्या आडव्या कापात आहे. शाळेत एकदल आणि द्विदल वनस्पतींमधले फरक दोन रकान्यांत लिहून आपण पाठ केले आणि परीक्षा झाल्यावर विसरून गेलो. तो तक्ता विसरण्यासारखाच होता, कारण त्यात फरक होते, पण त्या फरकांचे परिणाम नव्हते.

दातांनी केलेलं विच्छेदन

एकदल खोडाची रचना बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. ऊस सोलून खाल्लेल्या प्रत्येकानं ती दातांनी तपासलेली आहे. साल कडक, दात आंबवणारी. आतला भाग मऊ, रसाळ. रस गिळून झाला की तोंडात चोथा उरतो, म्हणजे उभ्या दोऱ्यांचा गुंता. त्यातला प्रत्येक दोरा म्हणजे वाहिन्यांची एक जुडी. तिच्यात पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या असतात, पानांत तयार झालेली साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या असतात आणि भोवती टणक पेशींचं वेष्टन असतं. या जुड्या मऊ गरात विखरून रोवलेल्या असतात. मध्यभागी विरळ, सालीकडे दाट. उसाची साल कडक लागते ती सालीशी जुड्यांची दाटी असते म्हणून.

ज्वारीच्या चिपाडाच्या बैलगाड्या केलेल्या पिढीला हेच भेंडातून कळलं होतं. चिपाड सोललं की आतलं हलकं पांढरं भेंड हाती येतं, आणि ते मोडायला गेलं की त्यातून लवचीक धागे लोंबतात. ते धागे म्हणजे याच जुड्या.

द्विदल खोड पाहायचं तर भाद्रपदात तेरडा उपटावा. त्याचं खोड जवळजवळ पारदर्शक असतं. तेरड्याची एक फांदी आणि मक्याचं कोवळं ताट लाल शाईच्या पाण्यात काही तास उभं करायचं आणि मग दोन्ही आडवी कापायची. मक्याच्या चकतीवर सगळीकडे लाल ठिपके दिसतील, कुणी मूठभर तीळ उधळल्यासारखे. तेरड्याच्या चकतीवर मात्र ठिपके एका वर्तुळात बसलेले असतील. वर्तुळाच्या आत भेंड, बाहेर साल.

मक्याचा एकच ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात चक्क चेहरा दिसतो. दोन मोठ्या जलवाहिन्या म्हणजे डोळे, वर रसवाहिन्यांचं कपाळ आणि खाली उघडं तोंड. तोंड म्हणजे एक पोकळी. ताट कोवळं असताना जी पहिली जलवाहिनी तयार झाली, ती ताट उंच होताना ताणली जाऊन फाटली आणि तिथं भगदाड राहिलं. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत मक्याचं खोड ओळखायला या चेहऱ्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

सामाईक पट्टा

वर्तुळात बसलेल्या आणि विखुरलेल्या या मांडणीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट तेरड्याच्या जुडीच्या आत आहे. भावाभावांत जमिनीची वाटणी होताना कधीकधी मधला एक पट्टा सामाईक ठेवतात. तेरड्याच्या जुडीत आतल्या बाजूला जलवाहिन्या, बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या आणि दोहोंच्या मध्ये कुणाच्याच नावावर न चढवलेल्या पेशींचा एक पातळ पदर राहतो. या पेशी विभागणं विसरलेल्या नसतात. मक्याच्या जुडीत वाटणी पुरती झालेली असते. प्रत्येक पेशीला काही ना काही काम नेमून दिलेलं, शिल्लक कुणीच नाही. म्हणून द्विदलाची जुडी खुली आणि एकदलाची बंद, असं पुस्तकं म्हणतात.

या पदराला मराठीत ऊतककर म्हणतात; व्यवहारात कँबियम हाच शब्द रुळला आहे. खोड जून होऊ लागलं की शेजारशेजारच्या जुड्यांमधले हे पट्टे एकमेकांना जोडले जातात आणि खोडाभोवती अखंड नळकांडं तयार होतं. आतल्या बाजूला ते लाकूड घालत जातं, बाहेरच्या बाजूला नवी साल. आंबा, फणस, साग, वड यांची खोडं वर्षागणिक जाड होतात ती या एका पदराच्या जोरावर. पावसाळ्यात आंब्याची साल सुरीनं उकलली की खाली बोटाला बुळबुळीत लागतं, ते या पदराचं ठिकाण.

लाकडातली वलयं हाही त्याचाच हिशेब. साग उन्हाळ्यात पानं झाडून थांबतो, पाऊस आला की पुन्हा कामाला लागतो आणि हंगामाच्या आरंभी मोठ्या तोंडाच्या जलवाहिन्या घालतो. त्यामुळे त्याचं प्रत्येक वर्षाचं वलय स्पष्ट उमटतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ठाणे परिसरातल्या सागाची वलयं मोजून त्यांचा पावसाशी संबंध तपासला. माडाच्या ओंडक्यात असली वही मुळी लिहिलेलीच नसते.

सांगली आणि नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना हा पदर हातानं माहीत असतो. मणी फुगावेत म्हणून ते वेलीच्या खोडावरून सालीचं अरुंद कडं काढतात. त्याला गर्डलिंग म्हणतात. साखर वाहणाऱ्या रसवाहिन्या सालीत असतात आणि पाणी वाहणाऱ्या जलवाहिन्या आतल्या लाकडात. कडं काढलं की पाणी वर जात राहतं, पण साखरेला खाली उतरायचा रस्ता बंद होतो आणि ती घडांत अडते. मग कँबियम जखम भरून काढतो आणि रस्ता पुन्हा सुरू होतो. सालीचं रुंद कडं काढलं, जखम भरूच दिली नाही, तर मुळं उपाशी राहून झाड मरतं. माडाच्या खोडावरून असं कडं काढून हा परिणाम साधत नाही, कारण त्याच्या रसवाहिन्या सालीत गोळा झालेल्या नसतात, खोडभर विखुरलेल्या असतात.

आता कलमाचं कोडं जवळपास सुटतं. कोय कलम करताना रुजलेल्या कोयीचा तांबूस कोवळा कोंब वरून छाटतात, त्याला उभी चीर देतात, हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी तिच्यात बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीनं आवळतात. काडी आणि कोंब यांची जाडी सारखी नसली तर निदान एका बाजूला सालीला साल भिडली पाहिजे, हा कलम बांधणाऱ्याचा नियम. सालीला साल भिडते म्हणजे कँबियमला कँबियम भिडतो. दोन्हींकडच्या विभागणाऱ्या पेशी मधली फट भरतात, त्यांतून नव्या वाहिन्या तयार होतात आणि दोन झाडांचं एक झाड होतं. माडाच्या खोडात भिडवायला तसा पदरच नाही. दोन कापलेले तुकडे कितीही आवळून बांधले तरी ते दोन तुकडेच राहतात.

माडाचा हिशेब

कँबियम नसताना साठ-सत्तर फुटांचं झाड उभं करायचं कसं? माड आधी रुंदीचा बंदोबस्त करतो, मग उंचीला हात घालतो. नारळ रुजल्यावर पहिली काही वर्षं खोड दिसतच नाही. जमिनीलगत वाढणारा कोंब आडवा रुंदावत असतो, प्रत्येक नवी झावळ आधीच्यापेक्षा थोरली येते. बुंध्याचा पाया पुरेसा रुंद झाला की मग खोड वर निघतं, आणि एकदा तयार झालेला भाग नंतर उल्लेखनीय जाड होत नाही. बांबूचंही तसंच. पावसाळ्यात जमिनीतून वर येणारा कोंब आपली पुरी जाडी घेऊनच येतो. पुढं काही महिन्यांत तो फक्त उंच होतो.

म्हणून माडाचं खोड काहीच विसरत नाही. एखाद्या दुष्काळी काळात शेंड्याची उपासमार झाली तर त्या काळात तयार झालेला खोडाचा भाग बारीक राहतो आणि ती मान झाड मरेपर्यंत दिसते. वर चढायला पाडलेल्या खाचा कधीच भरून येत नाहीत. आज नारळ उतरवणारा ज्या खाचेत अंगठा रोवतो, ती कदाचित त्याच्या आजोबांनी पाडलेली असते. आंब्याच्या खोडावर कोयत्याचा घाव पडला तर काही वर्षांत कडा फुगून जवळ येतात आणि घाव मिटतो. माडावर बाहेरून दिसणारी आडवी वळं म्हणजे गळलेल्या झावळांचे वण. चांगला माड महिन्याला साधारण एक झावळ काढतो, त्यामुळे वण मोजून बारानं भागलं तर खोडाच्या वयाचा अंदाज येतो. आंब्याची वही पोटात असते, माडाची पाठीवर.

याहून नवलाची गोष्ट आत आहे. आंब्याचा कँबियम जुन्या रसवाहिन्या बाद करून नव्या घालत राहतो. माडाला ती सोय नाही. बुंध्यापाशी पहिल्या दहा वर्षांत तयार झालेल्या रसवाहिन्यांना माड ऐंशी वर्षांचा झाला तरी तेच काम करावं लागतं. बदली नाही, निवृत्ती नाही. दीर्घायुषी पेशींचा विषय निघाला की वनस्पतिशास्त्रज्ञ ताडकुळाचं नाव घेतात ते यासाठी.

ताकदीचं गणितही उलटं आहे. सागाच्या ओंडक्याचं मोल आतल्या गाभ्यात, माडाचं बाहेरच्या थरात. जुड्यांची दाटी कडेला असल्यामुळे माडाचा कडेचा भाग दगडासारखा आणि मधला भुसभुशीत. पोफळीचं खोड उभं चिरून मधला मऊ भाग कोरला की पाणी न्यायला पन्हळ तयार होते. कोकणातल्या वाड्यांनी ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली, ती खोडाच्या आडव्या कापाचा हा नकाशा हाताला ठाऊक होता म्हणूनच.

या रचनेची किंमतही आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा आंबा, माड, पोफळ सगळंच पडलं. पण फांद्या तुटूनही उभ्या राहिलेल्या आंब्याला खोडावरून फुटवे येऊ शकतात. शेंडा मोडलेला माड मात्र संपलेला असतो. त्याला वाढीचं ठिकाण एकच, डोक्यावरचा कोंब. गेंडा भुंगा नेमका त्या कोंबात शिरतो, म्हणून बागायतदाराला त्याची एवढी धास्ती.

मग हे झाड आहे तरी काय? कायद्यानंही हा घोळ घातला होता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानं झाडाच्या व्याख्येत ताडवर्गाबरोबर बांबूही घातला. बांबू म्हणजे गवत, हे वनस्पतिशास्त्र केव्हापासून सांगत होतं. व्याख्येतून तो वगळला गेला २०१७ मध्ये.

आतून की बाहेरून?

माडाच्या खोडानं शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं चकवलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या रने देफोंतेन यांनी दाखवून दिलं की एकदलांची आणि द्विदलांची खोडं मुळातच वेगळ्या घडणीची आहेत. कडेचा भाग टणक, मधला कोवळा, हे पाहून असा तर्क निघाला की ताडमाड आतून वाढतात, म्हणजे नवा माल मध्यभागी येतो आणि जुना बाहेर ढकलला जातो. त्यावरून एकदलांना ‘अंतर्वर्धी’ आणि द्विदलांना ‘बहिर्वर्धी’ अशी नावंही पडली. १८३१ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो फॉन मोल यांनी ताडवर्गाच्या खोडातल्या जुड्यांचा माग काढला आणि हा तर्क मोडीत निघाला. झावळीतून आलेली जुडी आधी खोडाच्या मध्याकडे जाते आणि मग उतरताना हळूहळू पुन्हा कडेकडे वळते.

जुड्यांचा हा गुंता पुरता सुटायला आणखी सव्वाशे-दीडशे वर्षं गेली. १९६० च्या दशकात मार्टिन झिमरमन आणि बॅरी टॉमलिन्सन यांनी एका छोट्या, आपल्याकडे कुंड्यांत लावतात त्या ऱ्हेपिस पामच्या खोडाचे ओळीनं पातळ काप घेतले आणि प्रत्येक कापाचं चित्र सिनेमाच्या फिल्मवर घेतलं. फिल्म चालवली की खोडातून वर प्रवास केल्यासारखं दिसायचं. ठिपके हलायचे, मध्याकडे सरकायचे, झावळीत निघून जायचे, आणि जाता जाता प्रत्येक जुडी वर जाणारी एक शाखा मागं ठेवायची. विखुरलेल्या वाटणाऱ्या त्या ठिपक्यांमध्ये काटेकोर व्यवस्था निघाली.

मूळ, पान आणि अळूवडी

खोडाचं कळलं की बाकीचा तक्ता भराभर वाचता येतो. मूळ जाड होत जाऊ शकतं तिथं एकच सोटमूळ पुरतं. आंब्याचं, तुरीचं तसं असतं. त्याच्या कोवळ्या मुळाच्या कापात जलवाहिन्यांचे दोन ते चार-पाच गट चांदणीसारखे दिसतात. माडाची मुळं जाड होत नाहीत, म्हणून ती संख्येवर भर देतात. बुंध्यातून पेन्सिलीएवढी हजारो मुळं सुटतात. एकदल मुळाच्या कापात जलवाहिन्यांचे गट अनेक असतात आणि मध्ये ऐसपैस भेंड.

पानातला फरक ताटावर दिसतो. केळीचं पान फाटतं ते मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत सरळ, कारण शिरा समांतर आहेत. पिंपळाचं पान असं सरळ फाटत नाही. त्याच्या शिरांचं जाळं असतं आणि पान कुजलं तरी जाळी उरते. ज्वारी-मक्याच्या पानाच्या वरच्या त्वचेत फुगीर पेशींच्या रांगा असतात. भर दुपारी त्या पाणी गमावून आकसतात आणि पान उभं गुंडाळलं जातं. उन्हाला तोंड द्यायचं अंग कमी होतं. गवतांच्या पर्णरंध्रांच्या रक्षक पेशी डंबेलसारख्या, तर बहुतेक द्विदलांच्या घेवड्याच्या दाण्यासारख्या. आंब्याच्या पानाची वरची आणि खालची बाजू आतूनही वेगळी असते, वर उभ्या पेशींची दाट रांग आणि खाली सैल भाग. गवताच्या पानात तो भेद फारसा नसतो.

आणि इथंच स्वयंपाकघर आपल्याला सावध करतं. अळूवड्या करण्याआधी पानाच्या मागच्या शिरा लाटण्यानं चेपाव्या लागतात, तेव्हा पानभर पसरलेलं शिरांचं जाळं स्पष्ट दिसतं. तरीही अळू एकदल आहे. एका लक्षणावर विसंबून निकाल देता येत नाही. कुंडीतला ड्रॅसिना तर एकदल असूनही खोड जाड करतो. मात्र त्याचा वाढीचा थर लाकूड आणि साल घालत नाही. तो गर आणि त्यात रोवलेल्या आख्ख्या नव्या जुड्या घालतो.

डाळींची मोजदाद

नावं मात्र बियांवरून पडली. तूर भरडली की दोन डाळी होतात; त्या डाळी म्हणजेच दोन बीजपत्रं. भुईमुगाचा दाणा उघडला की दोन फाकांच्या टोकाशी चिमुकली चोच दिसते, तो अंकुर. ज्वारीचा दाणा भरडला तर कण्या होतात, डाळ होत नाही. माडाचं एकुलतं एक बीजपत्र तर आपण चक्क खातो. रुजलेला नारळ फोडला की आत जो पांढरा, गोडसर, स्पंजासारखा गोळा सापडतो आणि ज्यावरून पोरं भांडतात, तो बीजपत्राचाच भाग. नारळातलं अन्न शोषून कोंबाला पुरवणं हे त्याचं काम.

तृणधान्यं आणि कडधान्यं वेगळ्या रीतीनं रुजतात हे ग्रीसच्या थिओफ्रास्टसला ख्रिस्तपूर्व काळातच जाणवलं होतं. १६७० च्या दशकात इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी रुजणाऱ्या बियांची बारकाईनं चित्रं काढली, आणि इंग्लंडच्या जॉन रे यांनी १६८२ पासूनच्या आपल्या ग्रंथांत बीजपत्रांच्या संख्येला वर्गीकरणात मानाचं स्थान दिलं.

तीनशे वर्षं टिकलेली ही विभागणी १९९८ मध्ये डीएनएच्या आधारे केलेल्या नव्या वर्गीकरणानं अर्धी मोडली. एकदल हे खरोखरीचं एक घराणं निघालं. द्विदल मात्र निघालं नाही. सोनचाफा, सीताफळ, दालचिनी आणि मिरी यांचं कूळ आंबा-तूर-सूर्यफुलाच्या मोठ्या कुळापासून वेगळं ठरलं. आंबा, तूर, सूर्यफूल यांच्या परागकणाला तीन खाचा असतात, सोनचाफ्याच्या परागकणाला एकच, अगदी माडासारखी. कोकणातल्या वाडीत माडावर किंवा पोफळीवर मिरीचा वेल चढवतात. त्या वेलाचं खोड कापून पाहिलं तर वर्तुळाच्या आतल्या भागातही जुड्या सापडतात. दोन डाळींचा वेल, पण खोडाला एकदलाचा वास.

फार उशिरा ठोठावलेलं दार

एकदलांचं कलम होत नाही, हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत होतं. २०२१ च्या अखेरीस केंब्रिज विद्यापीठातले ग्रेग रीव्ह्ज, ज्युलियन हिबर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते खोडून काढलं. वाढलेल्या खोडांचा नाद सोडून ते थेट बीमध्ये शिरले. दाण्यातल्या गर्भाचा मूळ आणि कोंब जिथं भेटतात तो भाग अजून कामं वाटून न घेतलेल्या पेशींचा असतो. तिथं काप घेऊन एकाचा कोंब दुसऱ्याच्या मुळावर बसवला तर सांधा जुळतो. गव्हाचा कोंब ओटच्या मुळावर जगला आणि ओटच्या मुळांमुळे जमिनीतून येणाऱ्या एका बुरशीजन्य मूळरोगापासून गहू वाचला. केळी, कांदा, अननस, खजूर अशा दूरदूरच्या एकदलांतही ही रीत चालली.

कोय कलम बांधणाऱ्याला यात ओळखीचं काहीतरी दिसेल. त्यालाही कोंब जून झालेला चालत नाही. तांबूस पानांचा, दोनेक आठवड्यांचा असतानाच कलम चांगलं धरतं. फरक मुदतीचा आहे. आंबा सामाईक पट्टा जन्मभर राखून ठेवतो, म्हणून थोराड झाडावरही काडी बसवता येते. एकदल आपली वाटणी बालपणीच उरकतात.

विहिरीकाठच्या त्या जुन्या माडाची वाटणी कधीच उरकली आहे. त्याच्या खाचा तशाच राहणार, बुंध्यातल्या वाहिन्या त्याच राहणार. त्याचा एक नारळ मात्र पावसाच्या तोंडाशी वाळूत आडवा रुजत घातलेला आहे. आत एकच डाळ फुगते आहे, आणि तिच्या टोकाच्या कोंबात अजून कुणाच्या नावावर काहीच चढलेलं नाही.